खुर्चीचे कूळ

आमच्या एका विद्वान स्नेह्यांनी मध्यंतरी ठणकावून लिहिले, की वसाहतकाळातले म्हणून जे फर्निचर मिरवले जाते ते मुळात आपलेच: लाकूड आपले, हात आपले, साहेबाने फक्त बूड टेकले. वाक्य झकास आहे. टाळ्या घेणाऱ्या वाक्यांचा मला जुनाच संशय, म्हणून हा खटाटोप.

पुरावा म्हणून त्यांनी गोव्याचा सतराव्या शतकातला 'कोंतादोर' पुढे केला आहे. सागवानावर एबनी आणि हस्तिदंताचे जडावकाम, खणच खण असलेले कपाट आणि खाली भार पेलणाऱ्या नागकन्या. नागकन्या दिसल्या आणि कूळ ठरले! कपाटाचा घाट पोर्तुगालहून आला, ते मागवणारा तिथलाच, हे मात्र सोयीने राहून गेले.

असल्या कूळशोधनात या स्नेह्यांचा खरा पूर्वज म्हणजे होरेस वॉलपोल. इंग्लंडच्या पंतप्रधानाचा मुलगा, लेखक, आणि लंडनजवळ 'स्ट्रॉबेरी हिल' नावाचे लुटुपुटीचे गॉथिक घर उभारून त्यात जुनेपण विकत आणून भरणारा हौशी माणूस. काळ्याभोर एबनीच्या, पीळदार कातकामाच्या, फुलापानांनी कोरलेल्या खुर्च्या त्याने ईशरच्या वाड्यात पाहिल्या. तो वाडा एकेकाळी ट्यूडर राजा आठव्या हेन्रीच्या मंत्र्याचा, कार्डिनल वूल्झीचा. झाले, खुर्च्या वूल्झीच्या आणि ट्यूडर ठरल्या. १७६३ मध्ये त्याने लिलावात तशाच खुर्च्या घेतल्या. वूल्झी वारला १५३० मध्ये. या खुर्च्या घडल्या कोरोमंडल किनाऱ्यावर, सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात, युरोपीय गिऱ्हाइकांसाठी.

वॉलपोल अडाणी नव्हता. त्याच्या काळच्या इंग्लंडात असे काम कोणी करत नव्हते, हे त्याने अचूक हेरले. चालू काळातले नाही म्हणजे जुने, इतकाच त्याचा तर्क. ते परक्या मुलखातले असेल ही शक्यता त्याच्या मनाला शिवलीच नाही. पुढे हेन्री शॉने १८३६ च्या आपल्या चित्रग्रंथात असल्या खुर्च्यांना जुन्या इंग्लिश सामानात बसवले, आणि एकोणिसाव्या शतकातले इंग्रज सुतार 'अस्सल जुनी' इंग्लिश खुर्ची घडवताना तेलुगू-तमिळ मुलखातल्या सुतारांचे काम गिरवू लागले.

इथे मला स्नेह्यांच्या बाजूला बरेच सरकावे लागते. कोंतादोरच्या वेळी मी म्हणालो, घाट मागवणाऱ्याचा. पण घाट परत उलट्या दिशेने गेला असेल आणि घेणाऱ्यालाच तो आपला वाटला असेल, तर निव्वळ घाटावरून कूळ सांगता येत नाही. मग हातावरून सांगावे, हे त्यांचे म्हणणे मला मान्य. अडचण पुढेच आहे.

१७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडले, आणि विलायतेत हस्तिदंती खुर्ची दिसली की ती टिपूच्या महालातली ठरू लागली. लंडनचे वास्तुशिल्पी सर जॉन सोन यांच्या संग्रहातल्या, मुर्शिदाबादी कामाच्या खुर्च्यांनाही तेच कूळ चिकटले. वूल्झी, टिपू, आणि आता 'आपण'. प्रत्येक वेळी कूळ म्हणजे मालकाचे नाव. विशाखापट्टणमला हस्तिदंताचे पत्रे बसवून त्यांवर लाखेच्या रेघा भरणाऱ्या कमसाली जातीच्या कारागिराच्या हाताचा गौरव करायचा आणि वस्तू मात्र 'आपली' म्हणायची, यात हात पुन्हा बिननावाचाच राहतो.

वयाचीही तीच गत. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांवरची वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. त्यामुळे मुंबईच्या गिऱ्हाइकापुढे दोनशे वर्षांचे असलेले कपाट कस्टमपुढे नव्याण्णवाचे होते. ब्रिटनच्या २०१८ च्या हस्तिदंत कायद्यात १९१८ पूर्वीच्या, अपवादात्मक मोलाच्या वस्तूंना विक्रीबंदीतून सूट आहे. तिथे वय पुन्हा वाढणार.

गिरगाव-पुण्यातल्या कित्येक घरांत नक्षीदार शिसवी कोच 'पेशवाईतला' म्हणून दाखवतात. पेशवाईत बैठक असे, कोच नव्हे. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या मेडोज स्ट्रीटवर असे शिसवी सामान विकले जाई, हे घरच्यांना सांगून उपयोग नसतो. खरा दाखला वस्तूच्या पाठीशी असतो: आतल्या, न दिसणाऱ्या फळ्या कुठल्या लाकडाच्या, त्यांवर हातकरवतीच्या सरळ रेघा आहेत की गोल पात्याच्या कमानी, स्क्रूला टोक आहे की नाही. यंत्रावरचे टोकदार स्क्रू एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतरचे.

तेव्हा वाचकहो, दिवाळीत पॉलिशवाल्याला बोलावण्याआधी खण बाहेर काढून उलटा करा, फोटो घ्या. कोणी घेतले, कोणी दुरुस्त केले ते लिहून ठेवा. आणि जुने बिल सापडले तर फेकू नका. सुताराचे नाव असलेच तर तिथे असते.