चिंध्यांचे बोचके

गेल्या जूनमध्ये यजमानांची बदली झाली आणि आम्ही लातूरचे बिऱ्हाड नांदेडला हलवले. मलाही येथल्या एका लहान शाळेत जागा मिळाली. बदली काही नवी नव्हे. पण टेंपोत सामान चढविताना एका बोचक्यावरून जो वाद झाला, तो अजून मनातून जात नाही. त्या बोचक्यात चिंध्या होत्या. शाळा आणि कादंबरीचे कागद यांतून सवड मिळाली की मी वाकळ शिवते. "नांदेडात काय चिंध्या मिळत नाहीत?" यजमान म्हणाले. प्रश्न रास्त होता. परंतु बोचक्याच्या तळाशी आईचे इरकली लुगडे होते. सहा वर्षे ते मला फाडवले नव्हते.

वाकळेचे काम मोठे निर्दय. काठ उसवायचे, विरलेला भाग फाडून टाकायचा, उरलेले थरावर थर अंथरायचे आणि कडेने आत आत धावदोरा घालीत जायचे. ज्याला फाडवत नाही त्याने सुई हाती धरू नये. मग माणूस गेल्यावर त्याची वस्तू जपावी, की वापरून संपवावी? यांत खरे प्रेम कोणते? मॅट्रिकपलीकडे न गेलेल्या बाईने तत्त्वज्ञानात शिरू नये हे खरे. पण हा प्रश्न पुस्तकातून माझ्याकडे आलेला नाही.

माझी मावशी किल्लारीच्या बाजूची. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट. आदल्या दिवशी गणपती बोळवून गाव निजले होते. 3 वाजून 56 मिनिटांनी धरणी हलली. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचे जड माळवद. ज्याने उन्हाळ्यात गारवा दिला तेच अंगावर आले. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, या दोन जिल्ह्यांत मिळून आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. मागाहून 52 गावे नव्या जागी वसविण्यात आली. मावशीलाही घर मिळाले. रस्ते सरळ, रुंद; घरे एका ओळीत.

त्या घरात मावशीने कित्येक वर्षे वाकळ शिवली नाही. मी समजत होते, दुःखामुळे. एकदा विचारले तर म्हणाली, "अगं, टोक धराया कोन हाय?" वाकळेचे थर अंथरताना कापड ताणून धरायला समोर दुसरे माणूस लागते. जुन्या गावात भिंतीला भिंत होती. हाक मारली की चार जणी येत. नव्या गावात हाक रस्त्यातच विरून जाई.

मदतीच्या कपड्यांत तिला पँटी, फ्रॉक आणि कुणाच्या घरचे पडदे आले होते. आधी तिला ते हात लावावेसे वाटेना. पुढे शेजारीण जोडल्यावर तेच तिने वाकळेत भर म्हणून घातले. सासूचे ढिगाऱ्यातून निघालेले लुगडे मात्र ट्रंकेत जपले. एका दिवाळीला ट्रंक उघडली, तर कसर लागून त्याची चाळण झालेली. "ठिवून ठिवून म्या काय राखलं? भोकं!" असे म्हणून ती हसली होती.

मावशीचे बोलणे मला पटते, आणि पटतही नाही. उपयोगाच्याच मापाने सारे मोजायचे, तर गेलेल्यांचे फोटो भिंतीवर कशाला? ज्याचे सगळे मातीत गेले, त्याने एक वस्त्र अखंड ठेवले म्हणून त्याला वेडे कोण म्हणेल? कसर लागली, त्यात तिच्या जपण्याचा काय दोष?

नांदेडात आमच्या शेजारी एक पद्मशाली कुटुंब राहते. घरी तेलुगू, बाहेर मराठी. त्या घरातल्या आजींचे सासरे उस्मानशाही मिलमध्ये होते. मिल बंद पडून बराच काळ लोटला, पण कापडाची पारख घरात राहिली आहे. दिवाळीच्या झाडलोटीत मी बोचके सोडून बसले होते. आजी चकलीचा सोऱ्या मागायला आल्या. लुगडे दिसताच त्यांनी दोन बोटांत धरून चोळून पाहिले आणि हातमागाचे आहे असे सांगितले. मी म्हटले, आईचे आहे. त्या काही बोलल्या नाहीत. खाली बसल्या आणि न सांगता त्यांनी दुसरे टोक धरले.

बराच वेळ आम्ही दोघी तशाच बसलो होतो. मग मी कात्री लावली. पदर तेवढा वेगळा काढून ठेवला आहे. त्याचे काय करायचे ते अजून ठरलेले नाही. आजींच्या चकल्या त्या दिवशी दिवेलागणीनंतर झाल्या.