गंधाराची तार

साताऱ्यातल्या एका कॉलेजकुमाराला हवाईयन गिटारचं वेड लागलं. मांडीवर आडवी घ्यायची, डाव्या हातातला स्टीलचा बार तारांवरून सरकवायचा आणि उजव्या हाताच्या बोटांत पिक घालून तारा छेडायच्या, असं हे वाद्य. अमेरिकेत याच घराण्यातल्या गिटारला पाय आणि पेडल जोडून पेडल स्टील तयार झालं. त्या वादकांचे व्हिडिओ पाहून या मुलानेही दोन-दोन स्वर एकदम घेत सप्तक चढायचं मनावर घेतलं: सा-ग, रे-म, ग-प, म-ध, प-नी, ध-सां. खालच्या तारेवर अंगठा, वरच्या तारेवर तर्जनी. ते जमल्यावर मधलं बोट मध्ये घालून फिरते नमुने.

काम अवघड होतं. या गिटारवर पडद्यांच्या नुसत्या खुणा असतात, सूर बारच्या टोकावर ठरतो. जोड्या घेताना बार कधी सरळ, कधी तिरका धरावा लागतो. एक सूर नेमका लागला तरी जोडीदार चढलेला किंवा उतरलेला निघतो. पोराने मात्र नेटाने सराव केला. रोज पहाटे उठायचं, मोबाइलवरच्या ट्यूनरची सुई बरोबर मध्यावर आणून तारा लावायच्या आणि मेट्रोनोम थोडा थोडा वाढवत न्यायचा. स्नेहसंमेलनात त्याने जोडस्वरांची सरसर चढती-उतरती तान घेतली आणि हॉल दणाणला.

एक गोष्ट मात्र त्याला छळत होती. जलद वाजवलं की सगळं गोड. सावकाश वाजवून सा-ग वर थांबलं, की दोन्ही सुरांत बारीक थरथर ऐकू यायची. त्यावर त्याने उपाय केला तो लय आणखी वाढवण्याचा. वाद्यच हलकं असणार, अशी त्याने स्वतःची समजूत घातली आणि दिवाळीच्या सुट्टीत आत्याकडे मिरजेला जाताना गिटार बरोबर घेतली.

मिरजेत सतारी आणि तानपुरे बनवण्याचं काम दीडशेहून अधिक वर्षं चालू आहे. पंढरपूरकडचे भोपळे इथे येतात, तुणाचं लाकूड येतं आणि त्यांतून उभी राहिलेली वाद्यं देशभर जातात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथल्या एका दुकानात म्हातारे कारागीर तानपुऱ्याची जवारी काढत बसले होते. घोडीवर हलकी कानस फिरवायची, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा कानस.

“चाचा, घोडी बदलून द्या. तारांचा सेटपण नवीन टाका.”

“अगोदर वाजीव की, बेटा.”

त्याने तान घेतली. चाचांनी ऐकून घेतली. “आता तो बार ठेव बाजूला. सा आणि गंधाराच्या मोकळ्या तारा छेड. सावकाश.”

बार नाही, हात तिरका होण्याचा प्रश्न नाही, तरीही थरथर होतीच. चाचांनी हातातला तानपुरा उभा केला, तारांखाली सूत सारलं आणि छेडू लागले: पंचम, षड्ज, षड्ज, खर्ज.

“यात गंधाराची तार कुठली?”

“नाहीच की.”

“मग गंधार ऐकू येतोय तो कुठनं?”

पोर कान देऊन बसलं. बऱ्याच वेळाने त्याला तो सापडला. खर्जाच्या तारेतून वर, बारीक आणि स्वच्छ. गवई याला स्वयंभू गंधार म्हणतात. तार सबंध हलते तशी ती पाचव्या हिश्श्यातही हलते, आणि त्या हिश्श्याचा सूर गंधार असतो. “आता तुझी तार त्याच्याशी मिळव,” चाचा म्हणाले.

त्याने खुंटी सैल केली. थरथर मंदावली, आणखी मंदावली, आणि दोन सुरांचा एकच सूर झाला. त्याने घाईने मोबाइल काढला. “चाचा, सुई खाली दाखवतेय!”

“दाखवू दे. ती पेटीचा गंधार दाखवते. तुला तानपुऱ्याचा पाहिजे.”

चाचांचं म्हणणं हिशेबानेही खरं आहे. अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले, तर पेटीचा गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा सुमारे चौदा भाग चढा असतो. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्यातले स्वर तपासून १९१० साली बावीस श्रुतींवर पुस्तक काढलं, आणि पुढच्या वर्षी साताऱ्यात क्लेमेंट्स या इंग्रज अधिकाऱ्याबरोबर याच अभ्यासासाठी संस्था उभी केली. शुद्ध गंधार पाचास चार या प्रमाणात बसतो, हा त्या मांडणीतला एक आधार. खाँसाहेब मिरजेतच राहिले आणि त्यांची कबरही तिथल्या दर्ग्याच्या आवारात आहे. पेडल स्टीलचे वादकही गंधाराची तार सुईच्या खुणेखाली लावतात, हे त्या पोराला फार नंतर कळलं.

चाचांनी घोडी बदलली नाही आणि पैसेही घेतले नाहीत. मला या गोष्टीत सर्वांत मोठं वाटतं ते हेच. नवी घोडी बसवून दिली असती तर गिऱ्हाईक खूश होऊन गेलं असतं आणि थरथर तशीच राहिली असती.

साताऱ्याला परतल्यावर त्याने मेट्रोनोम ठेवून दिला. तानपुऱ्यावर एकेक जोडी घ्यायची आणि थरथर थांबल्याशिवाय पुढे जायचं नाही. तेव्हा कळलं, की रे-म आणि ध-सां या जोड्या त्याने कधी सुरात वाजवल्याच नव्हत्या. बार तिरका करताना मनगट दरवेळी जास्त वळत होतं. इतक्या दिवसांच्या सरावात त्याने ती चूकच पक्की केली होती. ती मोडायला पावसाळा उजाडला. लय त्यानंतर आपसूक वाढली.

षड्ज-पंचमाच्या तारा तो अजूनही सुईवर लावतो. गंधाराची तार मात्र कानाने लावतो, आणि शिकायला येणाऱ्या मुलांना पहिल्या दिवशी त्याच तारेपाशी बसवतो.