जुळवून घेणे म्हणजे काय?

लग्नाचा विधी आटोपतो, जेवणे होतात, मुलगी सासरी निघते. अशा वेळी आपल्या मंडळ्यांतील वडीलधारी माणसे तिला एकच उपदेश करतात : "जुळवून घे, बाई." या शब्दांत माया आहे आणि अनुभवही आहे. परंतु जुळवून घेणे म्हणजे नेमके काय, हे तिला सहसा कोणी सांगत नाही. जुळणे आणि विरून जाणे या दोन्ही गोष्टी एकच आहेत काय? या प्रश्नाचा विचार आम्ही एका जुन्या इंग्रजी कादंबरीच्या आणि, वाचकांस नवल वाटेल, लॅटिन व्याकरणातील एका नियमाच्या आधाराने करणार आहोत.

कादंबरीचे नाव 'मिडलमार्च'. ती मेरी अ‍ॅन इव्हान्स या विदुषीने जॉर्ज एलियट हे पुरुषी नाव घेऊन लिहिली आणि १८७१-७२ साली आठ भागांत प्रसिद्ध झाली. तिची नायिका डोरोथिया ब्रूक हिला अजून विसावे वर्षही लागलेले नाही. ती भाविक आहे, आणि गरीब शेतमजुरांना राहण्याजोगी घरे मिळावीत म्हणून ती स्वतः नकाशे काढीत बसते. ती पंचेचाळिशी उलटलेल्या कसाबन नावाच्या विद्वान पाळकाशी लग्न करते. जगातील सर्व पुराणकथांचे मूळ एकच आहे असे सिद्ध करणारा महाग्रंथ लिहिण्यात हा मनुष्य वर्षानुवर्षे गढून गेलेला आहे. डोरोथियाला वाटते, याच्या हाताला धरून आपण ज्ञानाच्या मंदिरात जाऊ. ती त्याच्याकडून लॅटिन व ग्रीक शिकू पाहते. अर्थ कळला नाही तरी चालेल, मिल्टनच्या मुली बापाला वाचून दाखवीत तसे आपणही नवऱ्याला वाचून दाखवू, इतकी तिची तयारी असते.

लॅटिन शिकणाऱ्याला आरंभीच विशेषणाचा नियम घोकावा लागतो. विशेषण आपल्या नामाशी लिंग, वचन व विभक्ती या तिन्ही बाबतींत जुळले पाहिजे. 'फेमिना बोना' म्हणजे चांगली स्त्री. येथे दोन्ही शब्दांचा शेवट सारखा आहे, म्हणून विद्यार्थी खूश होतो आणि जुळणे म्हणजे यमक साधणे असे समजून चालतो. पुढे 'आग्रिकोला', म्हणजे शेतकरी, हा शब्द येतो. त्याचा शेवट 'फेमिना'सारखाच, म्हणून तो 'आग्रिकोला बोना' असे लिहितो आणि चुकतो. शब्द पुल्लिंगी आहे, म्हणून 'आग्रिकोला बोनुस' हेच बरोबर. कानाला यमक लागत नाही, पण अन्वय बिनचूक आहे. विशेषण नामाशी जुळते ते त्याचा प्रतिध्वनी होऊन नव्हे, तर स्वतःच्या रूपावलीप्रमाणे चालून. हे आपणांस परके वाटू नये. 'हत्ती' शब्दाचा शेवट 'ई' असला म्हणून मराठी मूल 'मोठी हत्ती' म्हणत नाही. ते 'मोठा हत्ती' म्हणते.

डोरोथियाला आरंभी यमकच हवे होते. तिला नवऱ्याचा प्रतिध्वनी व्हायचे होते. लग्नानंतर ती दोघे रोमला जातात. तो व्हॅटिकनच्या ग्रंथालयात दिवस घालवितो आणि ती बिऱ्हाडी एकटी बसून रडते. तेथेच तिला कळते की, जर्मन पंडित या विषयात फार पुढे गेले आहेत आणि तिच्या नवऱ्याला जर्मन येत नाही. ज्या मंदिरात ती शिरू पाहत होती तेथे नुसते अंधारे बोळ आहेत.

एखाद्या सामान्य कादंबरीत येथून पुढे केवळ नवऱ्याची निंदा आली असती. येथे तसे होत नाही. डोरोथियाला हळूहळू उमगते की, या मनुष्यालाही स्वतःचे भय आहे, स्वतःची दुखरी जागा आहे, आणि त्याच्या ठिकाणाहून जग वेगळेच दिसते. आमच्या मते तिची खरी वाढ येथे सुरू होते. हृदयविकाराने आपल्याला केव्हाही मृत्यू येईल हे त्याला डॉक्टरांकडून कळते, त्या दिवशी ती बागेत जाऊन त्याचा हात धरते, आणि तो हात ताठ ठेवून तिला दूर ठेवतो. खोलीत जाऊन ती संतापाने जळते. पण रात्री तीच अंधारात जिन्यापाशी त्याची वाट पाहत उभी राहते. तो चकित होतो, दोन शब्द मायेने बोलतो, आणि दोघे हातात हात घालून चालू लागतात. हे तिचे जुळणे आहे. त्यात लाचारी नाही.

पुढे तो तिच्याकडून वचन मागतो की, माझ्या मरणानंतरही तू माझ्या इच्छेप्रमाणेच वागावे. ती रात्रभर तळमळते. दयेपोटी ती होकार द्यायला निघते, पण त्याआधीच बागेत त्याचा प्राण गेलेला असतो. नंतर ती त्याच्या ग्रंथाचे टिपण एका पाकिटात बंद करून ठेवते आणि आत लिहिते की, ज्यावर आपला विश्वास नाही त्या कामाला आपण आपला आत्मा वाहू शकत नाही. लॅटिनमध्ये विशेषण कधी कधी नामावाचून एकटेच उभे राहते आणि स्वतःच नाम होते. 'बोनी' म्हणजे सज्जन लोक. आपणही 'शहाण्याला शब्दाचा मार' म्हणतोच. त्या पाकिटापाशी डोरोथिया स्वतःच्या पायांवर उभी राहिली.

आपल्या मराठीतही या तोडीचा एक प्रवास आहे. बेळगावात जन्मलेल्या बाबा पदमनजींनी 'मिडलमार्च'च्या चौदा वर्षे आधी, १८५७ साली, 'यमुनापर्यटन' प्रसिद्ध केले. तेथेही नवराबायको प्रवासाला निघतात. परंतु यमुना व विनायक विधवांची दुःखे दोघे मिळून पाहतात आणि त्यांविषयी एकमेकांशी बोलतात. रोममधील त्या दोघांना जे साधले नाही ते या दोघांना साधले. विनायकाच्या मृत्यूनंतर यमुना विचाराने आपली वाट चालू शकते, याचे कारण तो जिवंत असतानाही तिचे डोळे तिचेच होते.

कोणी विचारील, म्हणजे नवरा हे नाम आणि बायको हे विशेषण, असेच ना? आम्हांस तसे वाटत नाही. इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात स्त्रियांना सांगितलेले बाविसावे वचन सर्वजण पाठ म्हणतात. त्याच्या आधीच्या एकविसाव्या वचनात परस्परांच्या अधीन होण्यास सांगितले आहे, तेथे मात्र आपण क्वचितच थांबतो. नाम एकच आहे, तो प्रभू. पती आणि पत्नी ही दोन विशेषणे आहेत. दोघांनीही त्याच्याशी जुळायचे आहे, आणि प्रत्येकाने आपापल्या रूपावलीप्रमाणे.

डोरोथिया पुढे दुसरे लग्न करते आणि पतीच्या लोकसेवेला साह्य करीत संसार करते. एवढी थोर स्त्री केवळ कोणाची पत्नी म्हणून ओळखली गेली, याची तिच्या ओळखीच्यांपैकी पुष्कळांना हळहळ वाटली, असे लेखिकाच नमूद करते. ती हळहळ खोटी ठरवावी असे आम्हांस वाटत नाही. मात्र पहिल्या लग्नात ती आंधळेपणाने शिरली होती, दुसऱ्यात डोळे उघडे ठेवून. हा फरक लहान नाही.

म्हणून शब्बाथ शाळेच्या शिक्षकांस आमची विनंती आहे. नीतिसूत्रांचा एकतिसावा अध्याय शिकविताना मुलींना एक गोष्ट अवश्य सांगा. ज्या स्त्रीला आपण 'सद्गुणी' म्हणतो तिला जेरोमच्या लॅटिन भाषांतरात 'फोर्तिस' म्हटले आहे. फोर्तिस म्हणजे बळकट, शूर. पुरुषासाठीही हेच रूप येते, 'विर फोर्तिस'. स्त्रीपुढे आले म्हणून ते विशेषण एका अक्षरानेही बदलत नाही. आणि मुलांनाही हे सांगा, कारण उद्या जुळवून घ्यायचे आहे ते त्यांनाही.