विकणाऱ्याचे मौन

दिवाळीनंतर दीड महिन्याने, दत्तजयंतीला, तापीकाठच्या सारंगखेड्यात घोड्यांचा बाजार भरतो. कोणाला वरातीसाठी नाचरे जनावर हवे असते, कोणाला दारात बांधायला देखणे. मला विचारात पाडते ते तिसरे गिऱ्हाईक : ज्याला डोंगरवाटांनी, ओढे-नाले ओलांडीत, निवांत रपेट करायची आहे. वरातीच्या घोड्याचे मोल डोळ्यांना कळते. डोंगरवाटेच्या घोड्याचे मात्र पुष्कळसे विश्वासावर ठरते. कड्याच्या कडेने जाताना स्वार आपला जीव चार खुरांच्या हवाली करीत असतो.

गिऱ्हाईक आपल्याकडून सारे पाहून घेते. दातांवरून वय ताडते, खूर उचलून पाहते, कठीण जमिनीवर दुडकी चालवून जनावर लंगडत तर नाही ना, हे न्याहाळते. जुने जाणते लोक अंगावरचे भोवरे मोजतात. पण सोबतीला दुसरे जनावर नसले म्हणजे हा बुजतो का, पाणी पाहून अडतो का, घरच्या वाटेला लागला की लगाम जुमानीनासा होतो का, हे दात सांगत नाहीत. ते एकालाच ठाऊक असते, आणि तो विकायला उभा असतो.

त्याने ते आपण होऊन सांगावे काय?

१८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या १७ व्या कलमाखाली नेमकी घोड्याचीच उदाहरणे आहेत. एकजण व्यंग असलेला घोडा लिलावात विकतो. व्यंग ठाऊक असून गप्प राहतो. कायदा म्हणतो, ही फसवणूक नव्हे. पण घेणारी त्याचीच नुकती सज्ञान झालेली मुलगी असेल तर? मग नात्यामुळेच सांगणे हे त्याचे कर्तव्य ठरते. आणि घेणाऱ्याने बजावले, की तुम्ही नाही म्हटले नाहीत तर मी घोडा निर्दोष समजेन, तर त्यानंतरचे मौन बोलण्याइतकेच बंधनकारक.

मुलीपाशी खरे बोलावे आणि परक्यापाशी गप्प राहावे, एवढ्यावर कायद्याचे भागते. माणसाचे भागावे काय?

विकणाऱ्याची बाजूही ऐकली पाहिजे. जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे दाबून सौदे होत आले आहेत. आपण कुठवर चढू, हे गिऱ्हाईक तरी कुठे सांगते? मग आम्हीच मन का उघडे करावे? प्रश्न बिनतोड वाटतो. पण दोन्ही गुपिते एका तोलाची नाहीत. गिऱ्हाइकाच्या गुपिताने फार तर चार पैसे कमी मिळतात; विकणाऱ्याच्या गुपिताने कोणी दरीत जाऊ शकतो. शिवाय या सौद्यात एक तिसराही असतो. लपवलेल्या खोडीची शिक्षा त्या मुक्या जनावराच्या पाठीवर चाबकाने वसूल होते. चार घोड्यांच्या संगतीत शहाण्यासारखा चालणारा घोडा एकट्या स्वाराच्या हाती खोडकर ठरतो आणि बाजारामागून बाजार हिंडतो. खरे सांगणे म्हणजे नेहमीच तोटा नव्हे. पुष्कळदा ते त्या घोड्याला योग्य धनी शोधून देणे असते.

म्हणूनच ओळखीतल्या, पंचक्रोशीतल्या माणसाकडून घोडा घ्यावा, असे जाणते सांगतात. उद्या तोच आठवड्याच्या बाजारात समोर येणार. त्याला तोंड चुकवता येत नाही. सल्ला शहाणपणाचा आहे. पण पुन्हा भेटण्याच्या धाकाने बोललेले खरे हा व्यवहार झाला. नीतीची कसोटी लागते ती पुन्हा कधीच न भेटणाऱ्या परक्यापाशी. स्थळ सुचवताना, घर भाड्याने देताना, जुनी गाडी विकताना आपणही त्या घोडेवाल्याच्या जागी उभे असतो, आणि मुलीच्या नात्याचे रिंगण कोठवर वाढवायचे, हे आपले आपणच ठरवीत असतो.

घोडा घ्यायला निघालेल्याला मी एकच प्रश्न सुचवीन. दात पाहून झाले, किंमत ठरत आली, की विकणाऱ्याला शांतपणे विचारावे : "याच घोड्यावर बसवून तुमच्या लेकीला एकटीला घाटात पाठवाल काय?" तो बोलला तर ऐकावे. गप्प राहिला, तर तेही ऐकावे.