हातात आलेला कागद

नोव्हेंबर 1922 ते फेब्रुवारी 1923. जेमतेम तीन महिन्यांच्या अंतरानं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं एकाच प्रश्नाची दोन उत्तरं दिली. प्रश्न असा, की नागरिकत्वाच्या कायद्यातला ‘गोरा माणूस’ म्हणजे नेमका कोण? ताकाओ ओझावा हे हवाईत स्थायिक झालेले जपानी गृहस्थ, कॅलिफोर्नियात शिकलेले, घरात इंग्रजी बोलणारे. आपली कातडी कित्येक गोऱ्यांपेक्षा उजळ आहे, असं त्यांचं म्हणणं. न्यायालय म्हणालं, कातडीला विचारतो कोण? गोरा म्हणजे ‘कॉकेशियन’ वंशाचा. पाठोपाठ भगतसिंग थिंद यांचं प्रकरण आलं. पंजाबातून 1913 साली आलेले, पहिल्या महायुद्धात अमेरिकी लष्करात नोकरी केलेले शीख. तेव्हाचं मानववंशशास्त्र उत्तर हिंदुस्थानी माणसाला कॉकेशियनच मानत होतं आणि त्यांच्या बाजूनं तेच पुढं केलं गेलं. आता न्यायालय म्हणालं, शास्त्राला विचारतो कोण? सर्वसामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा. दोन्ही निकाल एकमतानं झाले आणि दोन्ही लिहिले न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड यांनी. ते स्वतः इंग्लंडात जन्मून लहानपणी अमेरिकेत आलेले. त्यांच्या गोरेपणाचा पुरावा मागायचं कुणाला सुचलंही नसेल.

हे दोन निकाल शेजारी ठेवून वाचले की कोणाला आत घ्यायचं नाही हे आधी ठरलेलं असतं आणि व्याख्या मागाहून शोधली जाते, याबद्दल फारशी शंका उरत नाही. हा धागा जुना आहे. 1790 च्या पहिल्याच कायद्यानं नागरिकत्वाचं दार ‘स्वतंत्र गोऱ्या व्यक्तीं’साठी उघडलं, तेही दोन वर्षांच्या वास्तव्यावर. यादवी युद्धानंतर, 1870 मध्ये, आफ्रिकी वंशाच्या लोकांनाही ते खुलं झालं. मग या दोन टोकांच्या मधले जे कोणी होते, त्यांना न्यायालयात जाऊन आपण गोरे असल्याचं सिद्ध करणं भाग पडलं. मुंबईचे पारशी व्यापारी भिकाजी बलसारा यांना ते जमलं आणि 1910 मध्ये वरच्या न्यायालयानंही त्यांचं नागरिकत्व कायम केलं. चिनी मजुरांवर 1882 मध्येच बंदी आली होती. 1917 मध्ये आशियाचा मोठा पट्टा नकाशावर आखून तिथल्यांचा प्रवेश बंद झाला, त्यात हिंदुस्थानही होता.

थिंद यांचा युक्तिवाद मात्र आपल्याला अडचणीत टाकणारा आहे. त्यांचे वकील होते सखाराम गणेश पंडित. नाव वाचून मराठी माणसाचे कान टवकारतात, पण मुद्दा त्यांच्या गावाचा नाही, त्यांनी न्यायालयात काय मांडलं त्याचा आहे. उच्चवर्णीय हिंदू हा शुद्ध आर्य रक्ताचा. लग्नाच्या बाबतीत तो हिंदुस्थानातल्या मूळ रहिवाशांना तसाच दूर ठेवतो जसा अमेरिकी गोरा निग्रोला, असा त्या कैफियतीतल्या प्रतिपादनाचा आशय होता. थोडक्यात, आम्हीही तुमच्यासारखेच भेद पाळतो, तेव्हा आम्हाला तुमच्यात घ्या! थिंद अमेरिकेत उतरले त्याच 1913 साली भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकायला आले होते. 9 मे 1916 रोजी तिथल्या चर्चासत्रात वाचलेल्या निबंधात त्यांनी जातिव्यवस्थेचं मूळ नेमकं याच गोष्टीत दाखवलं होतं: जातीबाहेर लग्न न करण्यात. एकानं जे रोगाचं कारण म्हणून दाखवलं, तेच दुसऱ्यानं सात वर्षांच्या आत गुणपत्रक म्हणून सादर केलं. पंडितांना वर्णाभिमानी म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण कायद्यानंच गोरेपणाची अट घातली, तर अर्जदार दुसऱ्या कुणाला तरी आपल्या खाली दाखवणार, हेही उघड आहे. पक्षकाराचा वकील अटीशी भांडत नाही, अटीत बसायची खटपट करतो.

ती खटपट फसली आणि सरकारनं आधी दिलेली नागरिकत्वं परत घ्यायचा सपाटा लावला. कॅलिफोर्नियात जमीन कायदा होता. नागरिक होऊ न शकणाऱ्या परक्याला शेतजमीन घेता येत नसे. इंपीरियल व्हॅलीतले पंजाबी शेतकरी त्यात अडकले. सॅन फ्रान्सिस्कोचे दुकानदार वैष्णोदास बगाई 1921 मध्ये नागरिक झाले होते. ते नागरिकत्व गेलं, दुकान गेलं. मायदेशी जाऊन यायला पासपोर्ट मागितला तर ब्रिटिशांचा घ्या असं उत्तर मिळालं. ज्यांच्या राज्यातून निघून आलो, पुन्हा त्यांचीच प्रजा व्हायचं! 1928 मध्ये त्यांनी आत्महत्या केली.

सरकारची धाड पंडितांवरही आली. 1914 मध्ये लॉस एंजेलिसला ते नागरिक झाले होते, त्याच आधारावर वकील झाले होते. 1922 च्या कायद्याप्रमाणे, नागरिकत्वाला अपात्र अशा परक्याशी लग्न करणारी अमेरिकी स्त्री स्वतःचंही नागरिकत्व गमावत असे. त्यांची पत्नी अमेरिकी होती. म्हणजे धंदा, घर, बायकोचं नागरिकत्व, सगळं एकाच कागदावर उभं. या वेळी पंडित आर्य रक्ताबद्दल बोलत बसले नाहीत. 1914 मध्ये सरकार समोर हजर होतं, हाच मुद्दा तेव्हा निकालात निघाला, सरकारनं अपील केलं नाही. या भरवशावर मी आयुष्य उभारलं. आता तेच प्रकरण उकरता येणार नाही, असं त्यांनी मांडलं. 1926 मध्ये अपील न्यायालयानं ते मान्य केलं. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयानं हात घालायला नकार दिला आणि सरकारला अशा खटल्यांचा नाद सोडावा लागला.

वंशाच्या थोर चर्चेनं थिंद हरले. दिवाणी दाव्यात कुठलाही तालुक्याचा वकील मांडेल अशा, एकदा निकाल लागलेलं पुन्हा उकरायचं नाही या मुद्द्यावर पंडित जिंकले. मला या इतिहासात सर्वांत मोलाची वाटते ती ही रूक्ष जागा.

पुढचं थोडक्यात. 1946 मध्ये हिंदुस्थानी नागरिकत्वाला पात्र झाले, वर्षाला 100 जणांचा प्रवेश खुला झाला. 1952 मध्ये वंशाची अट कागदावरून गेली. 1965 च्या कायद्यानं देशवार जुना कोटा मोडला. नातेवाइकांना प्राधान्य दिलं की येणारे मुख्यतः युरोपीयच राहतील, असा काही समर्थकांचा होरा होता. तो साफ चुकला. दादर, डेक्कन, धरमपेठेतले डॉक्टर-इंजिनिअर न्यू जर्सीत, शिकागोत जाऊन मंडळं आणि गणपती बसवू लागले, ते या चुकलेल्या होऱ्यामुळे.

आज कायदा वंश विचारत नाही, जन्मस्थान विचारतो. 1990 च्या कायद्याप्रमाणे नोकरीच्या वाटेनं वर्षाला सुमारे 1,40,000 ग्रीन कार्डं, बायकामुलं धरून. आणि कुठल्याही एका देशात जन्मलेल्यांना साधारण 7 टक्क्यांहून जास्त नाही. आइसलंडची मर्यादा आणि भारताची मर्यादा एकच. त्यामुळे हिंजवडीतून गेलेला माणूस वर्षानुवर्षं रांगेत. तिथल्या शाळेत वाढलेलं मूल एकविशी ओलांडलं की बापाच्या अर्जातून गळतं. एच-वनबी व्हिसावरची नोकरी गेली तर दुसरी शोधायला 60 दिवस. जन्मानं मिळणारं नागरिकत्व, जे सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेल्या वाँग किम आर्क यांनी 1898 मध्ये लढून पक्कं केलं, त्यालाही 20 जानेवारी 2025 च्या राष्ट्राध्यक्षांच्या आदेशानं हात घातला. तात्पुरत्या व्हिसावरच्यांची तिथं जन्मणारी मुलंही त्यातून वगळायची होती. सिएटलच्या न्यायाधीशांनी तीनच दिवसांत आदेश अडवला आणि तो वाद वरच्या न्यायालयांत गेला.

पण रांगेतल्या माणसाला पंडितांची वाट उपलब्ध नाही. पंडितांना सरकारनं काही दिलं होतं, म्हणून ते काढून घेऊ नका असं म्हणता आलं. रांगेतल्याला दिलेलंच काही नाही. तो कर भरतो, घराचे हप्ते भरतो आणि दर महिन्याला परराष्ट्र खात्याचं व्हिसा बुलेटिन उघडून आपली तारीख किती पुढं सरकली ते पाहतो. कधी ती मागंही जाते.