ऋद्धिपूरचे वेडेपण आणि आपण

गावातल्या वेड्याविषयी गाव जे बोलते, त्यातून त्या वेड्यापेक्षा गावाचीच ओळख अधिक होते. मराठी गद्याच्या आरंभकाळातच अशा एका ‘वेड्या’चे चरित्र सिद्ध झाले, याची नोंद आपल्या वाङ्मयेतिहासाने घेतली आहे, त्या चरित्रात अनुस्यूत असलेला नैतिक प्रश्न मात्र बव्हंशी अस्पर्शित राहिला.

तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी संकलित केलेल्या गोविंदप्रभूंच्या चरित्राचे स्थळ आजच्या अमरावती जिल्ह्यातील ऋद्धिपूर हे आहे. गोविंदप्रभू ऊर्फ गुंडम राउळ हे चक्रधरांचे गुरू आणि महानुभावांच्या पंचकृष्णांपैकी एक. ते गावभर हिंडतात, कोणाच्याही घरात शिरतात, हवे ते खातात, मुलासारखे खेळतात, रागावतात, हसतात. गावकरी त्यांना वेडा म्हणतात. भक्त ईश्वर म्हणतात. म्हाइंभटांचे मोठेपण असे की, स्वतः भक्त असूनही त्यांनी गावकऱ्यांचा आवाज पुसून टाकला नाही.

वरवर पाहता हे दोन आवाज परस्परविरोधी आहेत. परंतु एका अर्थी त्यांचे कार्य एकच आहे. गोविंदप्रभू अस्पृश्यांच्या वस्तीत जातात, तेथले अन्न खातात. ते वेडे असतील, तर त्यांना कळत नाही, म्हणून ते तसे करतात. ते ईश्वर असतील, तर त्यांना विटाळ बाधत नाही, म्हणून करतात. दोन्ही स्पष्टीकरणांत पाहणाऱ्याची व्यवस्था अबाधित राहते. ‘ते करतात तेच योग्य असेल तर आपले काय?’ हा प्रश्न दोन्ही बाजूंनी टळतो. महानुभाव पंथाने आपल्या आचारधर्मातून जातिभेदाला आव्हान दिले, हे खरेच. पण कृतीला लीळा म्हटले की ती वंदनीय होते आणि त्याच क्षणी अननुकरणीयही होऊ शकते. वेडा ठरवणे आणि देव ठरवणे या विक्षिप्ताला दूर ठेवण्याच्याच दोन रीती आहेत.

मिशेल फूको यांनी 1961 च्या आपल्या ग्रंथात अशी मांडणी केली की, आधुनिक युरोपात विवेक आणि वेडेपण यांच्यातला संवाद तुटला व उरले ते वेडेपणाविषयीचे विवेकाचे स्वगत. ऋद्धिपुरात हा संवाद तुटलेला दिसत नाही. गावकरी वैतागतात, पण दार बंद करत नाहीत. गोविंदप्रभूंना विवाहाची लहर आली तेव्हा भक्तांनी त्याची तयारी केली आणि महदंबेने धवळे गाइले, असे परंपरा सांगते. त्या लहरीचा अर्थ काय, हे विचारत न बसता ती तीत सहभागी झाली. मराठीतील आद्य कवयित्री म्हणून आपण जिचा गौरव करतो, तिची रचना अशा एका सहभागातून जन्मली, हे विसरता कामा नये.

मात्र या चित्रावर भाळून जाणेही प्रामाणिकपणाचे होणार नाही. गोविंदप्रभू जन्माने ब्राह्मण होते. ज्या घरांत ते मुक्तपणे शिरत, त्या घरांत एखादा अस्पृश्य वेडा शिरला असता तर? एखादी स्त्री तशी गावभर हिंडली असती तर? गावाच्या सहिष्णुतेची खरी कसोटी तेथे लागली असती. विक्षिप्तपणा हेसुद्धा एक सामाजिक भांडवल असते, आणि ते सर्वांच्या वाट्याला सारखे येत नाही.

येथे आपला, म्हणजे समीक्षकांचा, प्रश्न उपस्थित होतो. अर्थ लावणे हा आपला व्यवसाय. आपण गोविंदप्रभूंना ‘प्रतीक’ म्हणतो, ‘विद्रोह’ म्हणतो, आणि ‘वेडा’ व ‘देव’ या जुन्या नावांत तिसऱ्या नावाची भर घालतो. हे नाव अधिक सुसंस्कृत आहे. परंतु तेही आपल्याला उत्तर देण्यापासून मोकळे करत असेल, तर त्याचे कार्य निराळे नाही.

ऋद्धिपूर येथे मराठी भाषा विद्यापीठ स्थापन करण्याची घोषणा 2023 मध्ये झाली. गोविंदप्रभूंच्या गावाला मिळालेला हा सन्मान उचितच आहे. पण तेथल्या एखाद्या वर्गात त्यांच्या लीळा शिकवल्या जात असताना, मळक्या कपड्यांतला, स्वतःशी बोलणारा कोणी आत येऊन बसला, तर आपण शिपायाला हाक मारू की त्याच्यासाठी बाकावर जागा करू? म्हाइंभटांचा ग्रंथ आपण किती वाचला, हे त्या वेळी आपण काय करतो यावरून ठरेल.