परवानगी कोणाची?

घर बांधणें हें जितकें खर्चाचें तितकेंच कसोटीचें काम आहे, हें ‘लग्न पाहावें करून, घर पाहावें बांधून’ ह्या म्हणीनें आपल्या समाजानें केव्हांच नमूद करून ठेवलें आहे. परंतु घर पुरें झाल्यावर त्याच्या कडेला गाडी उभी करण्यासाठीं चार खांब रोवून वर पत्रे घालणें, ह्यास बहुधा कोणी बांधकाम समजत नाहीं. बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यांतील चकलांब्यासारख्या गांवीं त्यास ‘शेड मारणें’ म्हणतात. ‘गॅरेज’ म्हटलें तर गाडी दुरुस्तीचें दुकान असाच अर्थ होतो. आम्ही सोयीसाठीं त्यास गाडीखाना म्हणूं. अशा गाडीखान्यासही परवानगी लागते असें कोणीं सांगितलें, म्हणजे मालकाच्या तोंडून सहज उद्गार निघतो कीं, ‘जागा माझी, पत्रे माझे, गाडी माझी, मग परवानगी कोणाची?’ हा उद्गार त्राग्याचा असला तरी त्यांतील प्रश्न खरा आहे. मालकी म्हणजे काय आणि ती कोठें संपते, हा नीतिशास्त्रांतील जुना प्रश्न ह्या चार खांबांच्या मध्यें उभा आहे. त्याचाच विचार येथें करावयाचा आहे.

प्रथम एवढें स्पष्ट केलें पाहिजे कीं, ही चैनीची गोष्ट नव्हे. बीड हा ऊसतोड मजुरांचा जिल्हा म्हणून महाराष्ट्रास परिचित आहे. दिवाळीच्या सुमारास हजारों कुटुंबें पश्चिम महाराष्ट्रांतील व कर्नाटकांतील साखर कारखान्यांकडे निघतात आणि हंगाम आटोपल्यावर उन्हाळ्यांत गांवीं परततात. पूर्वी त्यांची सारी भिस्त बैलगाडीवर असे. आजही बैलगाड्या जातात, परंतु ऊस वाहण्याचें पुष्कळसें काम ट्रॅक्टरांनीं उचललें आहे. बैलगाडी उघड्यावर राहिली तरी चाले. बैलांना तेवढा गोठा लागे. ट्रॅक्टर मात्र बहुधा कर्जाचा असतो, घरांतील सर्वांत महाग वस्तु तोच असतो, आणि उन्हापावसानें त्याचें जें नुकसान होतें त्याचे हप्ते मालकासच फेडावे लागतात. तेव्हां त्याला आडोसा हवा, ही मागणी सर्वस्वीं रास्त आहे.

आतां कायदा काय म्हणतो तें पाहूं. आपल्याकडे गांवच्या जमिनीचे काळी आणि पांढरी असे दोन भाग पूर्वापार मानले जातात. काळींत पीक येतें, पांढरींत माणसें राहतात. कायद्यानेंही हा भेद आपल्या रीतीनें कायम ठेविला आहे. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यानें, त्याच्या ५२ व्या कलमान्वयें, बांधकामास पंचायतीची पूर्वपरवानगी आवश्यक केली. आणि अर्ज दिल्यावर ठराविक मुदतींत होकार किंवा नकार लेखी न कळविल्यास परवानगी मिळाली असें समजावें, अशीही तरतूद त्यांत ठेविली. काळीचा कारभार १९६६ च्या जमीन महसूल संहितेकडे आहे. तींत ‘शेतावरील इमारत’ ह्या शब्दाची व्याख्या आहे. शेतीचीं अवजारें, खत किंवा वैरण ठेवण्यासाठीं, पिकाचा माल साठविण्यासाठीं, गुरें बांधण्यासाठीं, तसेंच धारकाचें कुटुंब व त्याचे नोकर किंवा कुळें यांना राहण्यासाठीं उभारलेली इमारत शेतीचाच भाग मानली आहे.

ह्या व्याख्येंतच एक नैतिक पेंच दडलेला आहे. नांगरटीचा ट्रॅक्टर हें अवजार. त्याचें शेड शेतीचें. शेजारींच प्रवासी जीप उभी केली तर तेंच शेड शेतीचें राहिलें काय? आणि तोच ट्रॅक्टर सहा महिने नांगर ओढून पुढचे सहा महिने भाड्यानें ऊस वाहूं लागला तर? पत्रे तेच, खांब तेच, बदलला तो उपयोग. आणि उपयोग मालकाखेरीज दुसऱ्या कोणास निश्चित ठाऊक नसतो. रस्त्याच्या कडेचें गाडीचें शेड वर्षभरांत पुढून शटर लावून दुकान होतें, आणि गाडी पुन्हां रस्त्यावर येते, हें दृश्य महाराष्ट्रांतील कोणत्याही बाजाराच्या गांवीं दिसेल. कायदा येथें भिंत मोजूं शकतो, हेतु मोजूं शकत नाहीं. जेथें हेतूवर सारें अवलंबून असतें, तेथें कायद्यानें मालकाच्या सद्सद्विवेकावरच विश्वास टाकलेला असतो, हें विसरतां कामा नये.

मूळ आक्षेपाकडे वळूं. ‘जागा माझी आहे’ हें विधान खरें आहे, पण तें जमिनीपुरतें खरें आहे. पत्र्यावर पडणारा पाऊस मालकाच्या हद्दींत पडतो. त्याची पागोळी मात्र उतार असेल तिकडे जाते. पांढरी मातीचें माळवद ज्या घरावर आहे, त्याच्या भिंतीच्या पायाशीं शेजारच्या पत्र्याचें पाणी दोन पावसाळे पडत राहिलें, तर ती भिंत फुगते आणि मग खचते. खांब हद्दीच्या आंत असले तरी पत्र्याचें टोंक बोळावर हातभर पुढें येतें. आणि त्या हातभराच्या फरकानें बाळंतिणीला न्यावयास आलेली गाडी आंत येत नाहीं, किंवा तिरडी वाकडी करून न्यावी लागते. तात्पर्य, मालकीची रेषा जमिनीवर आंखतां येते. पाणी, उजेड, वारा आणि वाट यांना ती रेषा ठाऊक नसते. परवानगीचा जन्म सरकारच्या हौसेंतून नव्हे, तर ह्या साध्या वस्तुस्थितींतून झाला आहे.

ही जाणीव इंग्रजी अंमलानें आणली, असेंही कोणीं समजूं नये. कौटिल्याचें अर्थशास्त्र शामशास्त्री यांनीं १९०९ मध्यें प्रसिद्ध केलें. त्याच्या तिसऱ्या अधिकरणांत वास्तूसंबंधीं नियम आहेत. सांडपाण्याची वाट, खिडकीची जागा, दोन घरांमधील अंतर, ह्या गोष्टी तर तेथें आहेतच. परंतु गाड्या आणि जनावरें उभीं करण्याची जागाही ग्रंथकाराच्या नजरेंतून सुटलेली नाहीं. चूल, पाण्याची जागा, दळण्याकांडण्याची जागा यांच्या पंक्तीस तिला बसवून तिच्यासाठींही अंतर सोडण्यास त्यानें सांगितलें आहे. म्हणजे गाडीखान्याचा नियम मोटारीच्या कित्येक शतकें आधींचा आहे. आणखी महत्त्वाचें असें कीं, हे नियम सांगून झाल्यावर घरमालकांनीं एकत्र होऊन आपसांत ठरवावें, मनाजोगें बांधावें आणि अनिष्ट तेवढें टाळावें, अशी मोकळीकही तो देतो. ह्या मोकळिकींत आमच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर आहे. मूळची परवानगी शेजाऱ्याची. राजा किंवा पंचायत ती शेजाऱ्याच्या वतीनें मागते.

ह्यावर दुसरा आक्षेप येतो, आणि तो अधिक वजनदार आहे. ‘गांवांत कोणीच परवानगी घेत नाहीं, मग जो घेतो तोच काय तो खेटे घालतो. प्रामाणिकपणाचा दंड आम्हींच कां भरावा?’ ह्या तक्रारींत तथ्य नाहीं असें म्हणणें अप्रामाणिकपणाचें होईल. मराठवाडा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हैदराबाद संस्थानांत होता. १९५६ मध्यें तो मुंबई राज्यांत आणि १९६० मध्यें महाराष्ट्रांत आला. राज्यें बदललीं, दफ्तरें बदललीं. पांढरींतील घरें मात्र बहुतेक वहिवाटीनेंच बापाकडून मुलाकडे येत राहिलीं. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कराच्या आकारणीचा उतारा आहे, मालकीचा निर्णायक पुरावा नव्हे. पुरंदर तालुक्यांतील सोनोरी येथें गावठाणाच्या ड्रोन मोजणीचा प्रयोग झाला आणि २०२० च्या एप्रिलमध्यें ‘स्वामित्व’ योजना सुरू झाली, तेव्हां कोठें गावठाणांतील घरास नकाशा व मिळकत पत्रिका मिळण्याचा मार्ग खुला झाला. पिढ्यान्‌पिढ्या ज्या जागेंत चूल पेटली त्या जागेचा कागद ज्याच्यापाशीं नाहीं, आणि जो वर्षांतले पांच-सहा महिने फडावर असतो, त्याला ‘कागद आणा, मग बोला’ असें सांगणें म्हणजे नियमाच्या नांवानें दार लावून घेणें होय. जो नियम गरिबाला प्रामाणिकपणें पाळतां येत नाहीं, तो नियम अप्रामाणिकपणाची शाळा चालवितो. तो चिरीमिरीची वाट तेवढी रुंद करतो.

म्हणून अलीकडे नियम सैल झाले तें आम्हांस योग्यच वाटतें. २०२० च्या डिसेंबरांत राज्याच्या बहुतेक भागासाठीं एकच विकास नियंत्रण नियमावली आली. त्यानंतर २०२१ मध्यें ग्रामविकास खात्यानें ३२०० चौरस फुटांपर्यंतच्या ग्रामीण बांधकामास नगररचनाकाराच्या परवानगीची गरज नाहीं असें जाहीर केलें. त्यांतही १६०० चौरस फुटांपर्यंतच्या बांधकामासाठीं मालकीचा कागद, आराखडा आणि नियमाप्रमाणें बांधकाम असल्याचा परवानाधारक अभियंत्याचा दाखला ग्रामपंचायतीस सादर करणें पुरेसें ठरविलें. एका ट्रॅक्टरचें शेड दोन-तीनशें चौरस फुटांच्या पलीकडे सहसा जात नाहीं. म्हणजे गाडीखान्यापुरतें पाहिलें तर सरकारनें आपला हात जवळजवळ काढून घेतला आहे.

परंतु सरकारनें हात काढून घेतला म्हणून कर्तव्य संपलें काय? आमच्या मतें तें येथून सुरू होतें. अभियंता फूट मोजील, अंतर मोजील. बोळाच्या टोंकास राहणाऱ्या म्हातारीच्या दारांतला उजेड तो आराखड्यांत दाखवीत नाहीं. आणि ती म्हातारी तक्रारही करणार नाहीं. कारण ज्याचें शेड आहे त्याचाच ट्रॅक्टर तिच्या दोन एकरांत पेरणीला यावयाचा असतो, त्याच्याच टोळींत तिचा मुलगा उचल घेऊन गेलेला असतो. गांवचा खरा पेंच हाच आहे. अतिक्रमण बलवान शेजाऱ्याच्या बाजूला कधीं सरकत नाहीं. तें नेहमीं जो बोलूं शकत नाहीं त्याच्या बाजूला सरकतें. ‘शेजाऱ्याची कांहीं हरकत नाहीं’ असें आपण सहज म्हणतों, तेव्हां ती हरकत नसते कीं ती बोलण्याची सोय नसते, हें आपण स्वतःस कितीदां विचारतों?

कायद्यांतील ती तरतूद ह्या ठिकाणीं पुन्हां आठवावी. पंचायत मुदतींत बोलली नाहीं तर तिचें मौन म्हणजे संमति. हें न्याय्य आहे. कारण बोलणें हें पंचायतीचें काम आहे, तिला बोलण्याचें भय नाहीं, आणि न बोलण्याचा तोटा अर्जदारानें कां सोसावा? परंतु हाच न्याय शेजाऱ्यास लावतां येत नाहीं. कचेरीचें मौन हा आळस असूं शकतो. दुर्बळाचें मौन बहुधा भीति असते. दोन्ही मौनें बाहेरून सारखींच दिसतात, पण एकांतून हक्क उत्पन्न होतो आणि दुसऱ्यांतून केवळ अन्याय. परवानगीच्या पद्धतीचें खरें समर्थन ह्या एका गोष्टींत आहे कीं, जो स्वतःसाठीं विचारूं शकत नाहीं त्याच्या वतीनें तिऱ्हाइतानें विचारावें. जी पंचायत हें काम करते, तिचा कागद मान्य करणें हें कर्तव्य आहे. जी केवळ शिक्का आणि पावती जाणते, तिनें आपला अधिकार आपल्याच हातानें पोकळ केला आहे.

न्यायासाठीं दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जपानांत १९६२ मध्यें एक कायदा झाला. मोटार ठेवावयाची तर ती उभी करण्यास रस्त्याबाहेर जागा आहे, असें मालकानें दाखविलें पाहिजे, हें त्याचें सार. त्यामागील विचार आम्हांस पटतो: गाडी ज्याची, तिच्या जागेचा भार त्याचा, रस्त्याचा नव्हे. ह्या दृष्टीनें पाहिलें तर आपल्या हद्दींत गाडीखाना बांधणारा मनुष्य सार्वजनिक वाट मोकळीच करीत असतो. ट्रॉल्या बोळांत सोडून निवांत झोपणाऱ्यास कोणी विचारीत नाहीं, आणि स्वतःच्या अंगणांत खांब रोवणाऱ्यास मात्र दाखले मागितले जातात, ही उलटी रीत आहे. नियमानें आधीं वाट अडविणाऱ्यास हटकावें, आणि जागा करून देणाऱ्यास हात द्यावा.

सारांश असा कीं, ‘परवानगी कोणाची?’ ह्या प्रश्नास ‘सरकारची’ हें उत्तर अपुरें आहे, आणि ‘कोणाचीच नाहीं’ हें उत्तर खोटें आहे. परवानगी त्याची, ज्याच्या वाटेवर, भिंतीवर किंवा उजेडावर आपल्या पत्र्याची सावली पडणार आहे. म्हणून खांबांचे खड्डे खणण्यापूर्वी दोरी लावून फक्कीनें हद्द आंखावी, शेजाऱ्यास ती दाखवावी, पाणी कोठें पडेल हें आपण होऊन सांगावें. आणि तो आपल्याहून दुबळा असेल तर एकदां नव्हे, दोनदां विचारावें, व पत्रा हातभर आंत घ्यावा. मग पंचायतीकडे कागद न्यावा. हा क्रम उलटा केला तर शिक्का मिळेल, शेड उभें राहील. पण घराचा शेजार मात्र उणा होईल, आणि कोणत्याही दफ्तरांतून त्याची नक्कल मिळत नाहीं.